प्रारब्ध आणि अनारब्ध

संचित, प्राक्तन, भोग, विधिलिखित असे कर्मफलाचे जे शब्द मराठी माणसाच्या नित्य तोंडी असतात, त्यांत ‘प्रारब्ध’ या शब्दाइतका अन्याय दुसऱ्या कोणावर झाला नसेल. घरातला कर्ता पुरुष अकाली गेला, चाळीत पाणी शिरले, की ‘प्रारब्धाचे भोग, दुसरे काय!’ असे म्हणून आपण सारे प्रकरण दप्तरी दाखल करून मोकळे होतो.

वस्तुतः प्रारब्ध म्हणजे केवळ आरंभ झालेले. एकंदर संचितापैकी ज्या अंशाचे फळ भोगण्यास सुरुवात झाली, तेवढाच अंश प्रारब्ध. आणि लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त वेदान्तसूत्रांच्या आधारे उरलेल्या अंशास ‘अनारब्ध’ म्हटले आहे. हा दुसरा शब्द व्यवहारातून नाहीसा झाला, याला मी मोठी हानी समजतो.

ठाण्यातील माजिवडा-बाळकुमकडील खाडीकाठच्या शेतकऱ्याला हा भेद पोथीवाचून कळत असे. उधाणाच्या भरतीत खारजमिनीच्या बांधाला खांड पडली, की खारे पाणी भातखाचरात शिरते. ओहोटीबरोबर ते निघून जाते, पण मीठ मातीत राहते, आणि पावसाने ते धुऊन निघेपर्यंत खाचर धड पीक देत नाही. बुडालेले पीक हे प्रारब्ध खरे; पण खांड बुजवणे हातचे असते, आणि ती अनेकांनी मिळून बुजवावी लागते, कारण एकाची हयगय शेजाऱ्याला भोवते.

करणारा एक, भोगणारा दुसरा, हे कसे? व्यक्तीप्रमाणेच कुटुंब आणि राष्ट्र यांनाही आपापल्या कर्माचे फळ चुकत नाही, हा टिळकांचा विचार मला यावरचे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतो. घोडबंदर रस्ता, आग्रा रस्ता आणि पूर्व द्रुतगती महामार्ग जेथे मिळतात, त्या माजिवड्याभोवती आता इमारती उभ्या आहेत. कोणत्याही वाढत्या शहरात ओढ्यावर भराव टाकणारा, त्यास मंजुरी देणारा आणि तळमजल्यावर गुडघाभर पाण्यात उभा राहणारा, हे तिघे बहुधा निरनिराळे असतात. त्या तिसऱ्याच्या माथी पूर्वजन्मीचे पाप मारणे हा धर्माचाच अपमान होय. घरात शिरलेल्या पाण्याला प्रारब्ध म्हणण्यापूर्वी वाचकांनी आपल्या गावाचा जुना नकाशा मागवावा, आणि ओढा कोठून वाहत होता ते एकदा पाहावे.