सहाऐवजी दोन

एखादा जाणता माणूस गेला की शोकसभेत एक वाक्य हटकून येतं: कधीही भरून न निघणारी पोकळी. वाक्य खोटं नसतं. पण ते कोणालाही लावता येतं, आणि लावलं जातंच. सहकारी बँकेच्या अध्यक्षांना तेच, संगीतशिक्षकांना तेच, गल्लीतल्या डॉक्टरांनाही तेच. गेलेल्या माणसाचं म्हणून त्यात काय असतं?

हा प्रश्न मनात घोळत होता तो स्टीव्ह कॉर्डेक यांच्यामुळे. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. शिकागोजवळ वयाच्या शंभराव्या वर्षी, फेब्रुवारी २०१२ मध्ये ते गेले. पिनबॉलच्या जगात मात्र ते आजोबा होते. साठाहून अधिक वर्षं त्यांनी त्या एकाच धंद्यात काढली, शंभरावर खेळांची रचना केली आणि हाताखाली आलेल्या कितीतरी तरुण डिझायनरांना घडवलं. शेवटचा खेळ २००३ मध्ये आला तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

पिनबॉल आपण पाहिला तो बहुतेक संगणकावर. विंडोज एक्सपीच्या काळात जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातली निम्मी माणसं त्या गोळीमागे लागलेली असायची. त्याआधीच्या पिढीला घरातलं लाकडी बॅगाटेल आठवेल: खिळे ठोकलेली फळी, कडेला स्प्रिंगचा दट्ट्या, आणि सोडलेली गोळी खिळ्यांवर आपटत खाली येईल ती जाईल त्या खळग्यात. पिनबॉलचा जन्म या बॅगाटेलमधूनच झाला. दट्ट्या सोडला की पुढचं सगळं गोळीच्या मर्जीवर. फार तर यंत्राला हलका धक्का द्यायचा. म्हणूनच कायद्याने त्याला जुगारात काढलं. न्यू यॉर्कने १९४२ मध्ये बंदी घातली आणि महापौर ला गार्डिया यांनी हातोडा घेऊन यंत्रं फोडतानाचे फोटो काढून घेतले. गंमत म्हणजे जिथे ही यंत्रं बनत त्या शिकागोतही ती खेळायला सत्तरीच्या दशकापर्यंत मनाई होती. गावातच पिकवायचं आणि गावात विकायचं नाही, असा तो प्रकार.

कॉर्डेक या धंद्यात शिरले तेही अपघातानेच. मंदीचे दिवस, १९३७ साल. रस्त्याने जाताना पाऊस आला म्हणून ते एका इमारतीत आडोशाला शिरले. ती जेन्को नावाच्या पिनबॉल कंपनीची निघाली. तिथे त्यांना काम मिळालं डाग देण्याचं, म्हणजे सोल्डरिंगचं, तासाला ४५ सेंटवर. पिनबॉल त्यांनी तोवर पाहिलेलाही नव्हता.

दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, गॉटलीब कंपनीचा 'हम्प्टी डम्प्टी' हा खेळ आला आणि बाजार उलटापालटा झाला. हॅरी मॅब्स यांनी त्यात पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर, म्हणजे गोळी टोलवणारे छोटे हात, बसवले होते. कडेचं बटण दाबलं की आतल्या वेटोळ्यात वीज जाते, ते दांडी ओढतं आणि फ्लिपर गोळीला फटका मारतो. खेळणाऱ्याच्या हाती पहिल्यांदाच काही आलं. पण ते फ्लिपर अशक्त होते. एका फटक्यात गोळी वर जाईना, म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन, असे सहा लावलेले. खालच्याने मधल्याकडे द्यायची, मधल्याने वरच्याकडे.

कॉर्डेक यांनी पुढच्याच वर्षी 'ट्रिपल अ‍ॅक्शन' केला. त्यात फ्लिपर दोनच, अगदी तळाशी. त्यांना डीसी करंट दिल्यामुळे जोर एवढा आला की तळातून मारलेली गोळी थेट माथ्यावर जायची. त्या दोन फ्लिपरांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती. ती आजच्यासारखी समोरासमोर वळवण्याचं काम दोनेक वर्षांत इतरांनी केलं. पण तळाशी दोन, हे तेव्हा ठरलं ते ठरलंच. नशिबाचा खेळ हाताचा झाला. पुढे १९७६ मध्ये रॉजर शार्प या तरुणाने न्यू यॉर्कच्या नगरसेवकांसमोर आधी सांगून नेमक्या जागी गोळी नेऊन दाखवली आणि बंदी उठली. त्याच्या बाजूने बोलायला फ्लिपरांची तीस वर्षं उभी होती.

आता सहाचे दोन का केले? शिष्यांना विचारलं असतं तर एखादं छान उत्तर मिळालं असतं: अनावश्यक ते गाळण्याची दृष्टी, साधेपणातलं सौंदर्य वगैरे. स्वतः कॉर्डेक मात्र सांगत की मला चिक्कूपणा शिकवला होता. सहा फ्लिपर लावले असते तर नोकरी गेली असती. कारण एवढंच. मालकाचे पैसे वाचवायचे होते.

मला त्यांचा मोठेपणा इथे दिसतो, दोन फ्लिपरांपेक्षाही जास्त. सगळी माणसं तुम्हाला द्रष्टा म्हणायला तयार असताना 'खर्च कमी करायचा होता हो' असं म्हणता येणं सोपं नाही. त्या वयात तर नाहीच. शिवाय शिकणाऱ्याच्या पदरात त्यातूनच काही पडतं. गुरूला प्रतिभेचा साक्षात्कार झाला, हे ऐकून चेला फक्त हात जोडू शकतो. अडचण होती, पैसे नव्हते, मग करंट बदलून पाहिला, हे ऐकलं तर तो उद्या आपल्या टेबलाशी बसून काहीतरी करून पाहील. आपण मात्र आदरापोटी गेलेल्या माणसाची खटपट झाकतो आणि वर शाल पांघरतो. कंजूष मालक, चुकलेले प्रयोग, निव्वळ योगायोग, सगळं शालीखाली.

एक गोष्ट आणखी. कॉर्डेक यांची कीर्ती वाढली तशी 'फ्लिपरचे जनक' ही पदवीही त्यांना कोणी कोणी देऊन टाकतं. ती त्यांची नाही. फ्लिपर आणले मॅब्स यांनी, प्रतिस्पर्धी कंपनीत बसून. कॉर्डेक यांचे म्हणायचे ते दोन हा आकडा, त्यांची तळातली जागा आणि तो करंट. एका माणसाच्या नावावर जमा होण्याइतकं ते पुष्कळ आहे, त्यासाठी मॅब्स यांच्या खात्यातून काही काढायची गरज नाही.