एक लायसन्स, तीन संगणक



या वेळचा प्रश्न आपल्या गौलीगुड्याच्या केंद्रातच निघाला. बालसंस्कार वर्गासाठी एका साधकाने दोन जुने संगणक दिले. मशीन चांगली आहेत, पण आतली डिस्क पुसलेली, विंडोज नाही. केंद्राच्या कामाचा एक संगणक आधीपासून आहे. त्याचं विंडोज दुकानातून विकत घेतलेलं, पावतीही फाईलला लावलेली. एक काका म्हणाले, "हेच या दोघांत टाकून घेऊ. वास्तू एक, सेवा एक. आपण कुठे पैसे कमावतोय?" तिथे बसलेल्या आठवीतल्या मुलीने विचारलं, "काका, चालतं का असं?" आम्ही पाच-सहा मोठी माणसं होतो. कोणालाच चटकन हो किंवा नाही म्हणता आलं नाही.

आधी नियम समजून घेऊ. विंडोजचं एक लायसन्स एका वेळी एकाच संगणकासाठी असतं. नव्या लॅपटॉपमध्ये जे आधीच घालून येतं, ते त्या लॅपटॉपलाच बांधलेलं. तो मोडीत गेला की तेही गेलं. वेगळं विकत घेतलेलं दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण पहिल्यावरून काढून. घरात माणसं चार असोत की दहा, हिशोब मशीनचा. जिथे कुटुंबासाठी सवलत असते तिथे कंपनी आकडा सांगते. मायक्रोसॉफ्ट 365 चा फॅमिली प्लॅन 6 जणांपर्यंत चालतो. पण त्यात वर्ड-एक्सेल येतं, विंडोजचं लायसन्स नाही.

आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा 1957 चा. 1994 च्या दुरुस्तीने त्यात कलम 63-ब आलं. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद न देता 50 हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे काकांचं "पैसे कुठे कमावतोय" हे कायद्यालाही ऐकू येतं. पण त्याने शिक्षा हलकी होते, कृती बरोबर ठरत नाही.

आता खरा प्रश्न. कायदा बाजूला ठेवला तरी यात चोरी कुठे आहे? एका दिव्याने दुसरा दिवा लावला तर पहिला विझत नाही. आपण प्रत घेतली म्हणून कंपनीच्या कपाटातून काही कमी झालं नाही. शिवाय आपल्याकडे पोथी नकलून घेणं पुण्याचं मानलंय. आपल्या आजोबा-पणजोबांनी बोरूने पोथ्या उतरवून घेतल्या, त्यांना कोणी चोर म्हटलं नाही. मग हे पाप कसं?

हा आक्षेप हसून टाळण्यासारखा नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, उत्तर देणाऱ्याच्या इच्छेत आहे. संतांनी ग्रंथ लिहिला तो घरोघरी जावा म्हणून. नकलणारा त्यांची इच्छाच पुरी करत होता. विंडोज करणाऱ्याने सांगितलंय, "एका मशीनसाठी देतोय." विंडोज घालताना अटी समोर येतात, आपण "मान्य आहे" वर बोट ठेवतो, मगच पुढचं पान उघडतं. वाचलं नाही ही आपली चूक. शब्द तर दिलाच. त्यांचं काही कमी होवो न होवो, आपला शब्द कमी होतो. यमांमध्ये सत्य आणि अस्तेय एकापाठोपाठ येतात, ते मला इथे उमगलं.

"कंपनी इतकी श्रीमंत, तिला काय फरक पडतो" हेही ऐकायला मिळतं. त्या कंपनीचं मोठं केंद्र 1998 पासून आपल्याच हैदराबादेत आहे. तिचे आजचे प्रमुख सत्या नडेला बेगमपेटच्या शाळेत शिकले. आपल्या मुलांनी गच्चीबावलीला अशा कंपन्यांत नोकरी करावी म्हणून आपण नवस बोलतो, आणि त्यांच्या कामाचं मोल द्यायची वेळ आली की फुकट शोधतो. हे दोन्ही एका मनात कसं बसतं?

राहिली सेवेची गोष्ट. आपल्या गौलीगुड्याच्या नावातच गौळी आहे. शेजारच्या गोठ्यातलं दूध न विचारता काढलं आणि देवापुढे ठेवलं, तर त्याला नैवेद्य म्हणायचं का? उलट सेवेच्या कामात जास्त जपावं लागतं, कारण तिथे मुलं बघत असतात. श्लोक आपण तोंडाने शिकवतो, बाकीचं ती आपल्याकडे बघून शिकतात.

मग वाट काय? पैसे असतील तर प्रत्येक मशीनचं लायसन्स घ्यावं. नसतील तर लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते 1991 साली सुरू केलं आणि पुढच्या वर्षी अशा परवान्याखाली दिलं, की कोणीही नकलावं, वाटावं, सुधारावं. आपल्या सी-डॅकचं बॉस हेही लिनक्सवरच बांधलेलं. इथे प्रत काढणं म्हणजे पुन्हा पोथी नकलण्यासारखंच: देणाऱ्याचीच तशी इच्छा आहे.

केंद्रातल्या दोन्ही संगणकांवर आता लिनक्स घातलंय. सोपं गेलं नाही. वर्गाच्या ताईंची पाठांची एक जुनी सीडी त्यावर चालेना, त्यांना ते पाठ पुन्हा टाईप करावे लागतायत. काका स्वतः रोज संध्याकाळी येऊन मदत करतात.

महाराज सांगतात, साधना आसनावरून उठल्यावर सुरू होते. या आठवड्यात एवढंच करू या: आपल्या घरात संगणक किती, आणि लायसन्स किती, हे मुलांना सोबत घेऊन मोजू या. कमी भरलं तर ग्रुपवर सांगायची गरज नाही. मुलांना मात्र खरं सांगू या.

॥ श्रीराम समर्थ ॥