भीती वाटते, दहशत बसवतात

हिवाळ्याच्या रात्री अकोले, संगमनेर, राहुरीच्या शिवारात उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी एका हातात बॅटरी घेतो, दुसऱ्या हातात काठी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतो. लाईट रात्रीची, म्हणून दारं धरायची तीही रात्रीच. त्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘भीती वाटते, पण करता काय?’ सकाळच्या पेपरात मात्र मथळा येतो, ‘बिबट्याची दहशत’. शेतकऱ्याचा शब्द बरोबर आहे, पेपरचा चुकलाय. कसा, ते क्रियापदाला विचारावं.

भीती वाटते. ती आपल्या आत उगवते, म्हणून ‘मला’ वाटते. धाक असतो, बापाचा किंवा मास्तरांचा. तो दोघांच्या नात्यात राहतो आणि त्यात थोडी मायाही मुरलेली असू शकते. दरारा ज्याचा त्याच्यापाशी. धसका आपण घेतो. दहशत मात्र बसवावी लागते, माजवावी लागते. तिला कर्ता लागतो आणि कर्त्याला हेतू. बिबट्याच्या मादीला उसात पिल्लं वाढवायची असतात, गावावर वचक बसवायचा नसतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा अकोले खोऱ्यातल्या बिबट्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे, तेही जंगलात नव्हे, भरवस्तीच्या शेतात! त्याच भागात वाघोबाला पुजणारीही माणसं आहेत. नावाला ‘बा’ जोडला की भीती जात नाही, पण तिच्याशी नातं लागतं. अलीकडे नगर जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लेकरं गेली. तेव्हा भीती खोटी नाही. प्रश्न तिला काय म्हणायचं याचा आहे.

इंग्रजी बोलण्यात यातला बहुतेक भार एकट्या ‘फिअर’वर पडतो. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत हा शब्द भावनेचा नव्हताच. अवचित कोसळलेलं संकट, दबा धरून बसलेला धोका, असा त्याचा अर्थ होता. पुढे मध्ययुगात तो बाहेरून आत सरकला आणि संकटाचं नाव मनाच्या अवस्थेला मिळालं. नगर जिल्ह्यात भयाचा विचार नेमका उलट्या वाटेनं गेलेला दिसतो.

सुरुवात नेवाशात. शके १२१२, म्हणजे १२९० साली प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे आणि तिच्यात पहिला मान अभयाचा. ज्ञानदेव ते उलगडतात तेव्हा दाखला घरगुती देतात: जो महापुरात उडीच घेत नाही त्याला बुडण्याची ‘शियारी’, म्हणजे भीती, नसते; जिथं पथ्य पाळलं जातं तिथं रोगाला कोण विचारतो? मग ते अद्वैतापर्यंत पोहोचतात. सगळं आपलंच रूप दिसलं की भ्यायला दुसरा उरतच नाही. इथं भय आतलं आहे आणि त्यावरचा उपायही आतलाच.

पुढे शाही आमदानीत दहशत, जरब हे शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत रुळले. भयाला आता सत्तेचा वास येऊ लागला. १८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशन होतं, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ इथंच निघू लागलं. मराठी बायबलात ‘परमेश्वराचे भय’ हा प्रयोग आला. मूळ हिब्रू शब्दात घाबरण्याइतकाच आदरही आहे. मराठी ‘भया’त तो आदर शोधावा लागतो. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या कानांना ते खटकलंही असेल.

पण देवाला भिणं आपल्याला परकं होतं असंही नाही. नेवाशाच्याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. परंपरेनं घरांना चौकट आहे, पण दार नाही. चोरी करणाऱ्यामागे साडेसाती लागते, ही श्रद्धा. २०११ साली तिथं बँकेची शाखा उघडली, तीही कुलपाविना. एकाच तालुक्यात भयापलीकडे जायला सांगणारा ग्रंथ आणि भयालाच राखणदार नेमणारं गाव!

तिसरा टप्पा नगरच्या भुईकोट किल्ल्यात. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या नेत्यांना इथं आणून डांबलं. १९४४ साली नेहरूंनी इथल्याच कोठडीत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. गांधींनी काय केलं हे सांगताना ते आधी भीतीची यादी मांडतात: लष्कर, पोलीस, गुप्तहेर, कायदा, तुरुंग, जमीनदाराचा कारभारी, सावकार, बेकारी, उपासमार. आणि जुन्या ग्रंथांतला शब्द काढतात, अभय. शब्द नेवाशातलाच, पण साडेसहाशे वर्षांत भयाचा पत्ता बदलला होता. ते आता मनात उगवत नव्हतं, कोणीतरी बसवलेलं होतं. म्हणून उत्तरही एकट्याच्या साधनेत मावणारं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर ती यादी संपली का? जानेवारी २०१३ मध्ये सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली. शिंगणापूर तिथून हाकेच्या अंतरावर. ज्या पंचक्रोशीत परक्याच्या ऐवजाला हात लावायला माणसं बिचकतात, तिथं माणसाच्या जिवाची मात्र पर्वा राहिली नाही. ‘दहशत’ हा शब्द खरा लागतो तो इथं. कर्ता आहे, हेतू आहे, आणि निरोप फक्त मारलेल्यांना नसतो, मागे उरलेल्या सगळ्यांना असतो.

म्हणून बिबट्यावर हा शब्द उधळणं परवडणारं नाही. जनावराला दहशतवादी ठरवलं की माणसानं बसवलेली दहशत साधी ‘भीती’ होऊन जाते आणि ती ज्याला वाटते त्याच्यावरच ढकलली जाते: ‘तू भितोस कशाला?’ भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण सांगून आपण मोकळे. ब्रह्मराक्षस सोडणारा मात्र त्या म्हणीत सापडत नाही.

भीती वाटते, धाक असतो, दहशत बसवतात. अभयाचं क्रियापद मात्र वेगळं आहे. अभय देतात. ज्ञानदेवांचं अभय ज्याचं त्यानं मिळवायचं. पण बोलीनं त्याला कायम देणारा आणि घेणारा जोडला. उसाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याला अद्वैत समजावून सांगता येईल. त्याची मागणी त्याहून सोपी आहे: लाईट दिवसा द्या.