कृष्णा : एका नामाचे लिंग

'कृष्ण' हा शब्द मुळात विशेषनाम नसून 'काळा, सावळा' या अर्थाचे विशेषण आहे, आणि संस्कृतात विशेषणाला स्वतःचे लिंग नसते. ज्याचे वर्णन करायचे त्याचेच लिंग ते धारण करते. म्हणून महाभारतात वासुदेव कृष्ण आहे, बेटावर जन्मलेले व्यास कृष्णद्वैपायन आहेत, विराटपर्वात अर्जुन आपली दहा नावे सांगतो त्यांतही 'कृष्ण' येते, आणि यज्ञवेदीतून प्रकटलेली द्रौपदी सावळ्या वर्णामुळे 'कृष्णा' ठरते. तिचे नाव देवाच्या नावावरून बेतले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. अकारान्त शब्दाला स्त्रीलिंगी करणारा 'आ' हा प्रत्यय, ज्याला पाणिनीय परंपरेत 'टाप्' म्हणतात, एवढेच काय ते अंतर या दोन रूपांत आहे.

मराठीने तेही पुसले. हाकेत रामाचा 'रामा' होतो तसा कृष्णाचा 'कृष्णा' झाला आणि आदराचा 'जी' लागून 'कृष्णाजी' हे पुरुषनाम रूढ झाले; कवी केशवसुत हे कृष्णाजी केशव दामलेच. उलट हिंदी लेखिका कृष्णा सोबती (१९२५–२०१९) यांच्या नावात तोच 'आ' स्त्रीलिंगाचा आहे.

भक्तिपरंपरा नाम आणि नामी, म्हणजे नाव आणि ज्याचे ते नाव तो, यांना अभिन्न मानते. मग लिंग नामाचे की देहाचे, हा प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही. पद्मपुराणातील कथेने त्याला दिलेले उत्तर फार धीट आहे: सह्याद्रीवरील यज्ञात ब्रह्मदेवाच्या पत्नीची वाट न पाहता तिच्या जागी गायत्रीला बसवल्याने त्या पत्नीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला, आणि विष्णू कृष्णा झाला, महादेव वेण्णा झाला. येथे देवाचे देवत्व उणे होत नाही. केवळ रूप पालटते, आणि नामाला एक 'आ' जोडला जातो. स्त्रीरूपाला दुय्यम मानणाऱ्यांनी या कथेकडे पुन्हा पाहायला हवे.

वाईच्या घाटांवर माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा, म्हणजे याच नदीचा, उत्सव होतो, तेव्हा मूर्तीला साडी नेसवून दागिने घालतात आणि बायका खणानारळाने तिची ओटी भरतात. पुराणाने जिला विष्णू म्हटले, तिलाच घाटावर 'बाई' म्हणतात.