नुकसान कोणाचे मोजावे?

गेल्या उन्हाळ्यात भोपाळला आत्याकडे जाण्याचा योग आला. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळातून सुरू झाला, तेव्हा फायलींमागोमाग तिकडे गेलेल्या मराठी कारकुनांत आत्याचे सासरे होते. आत्येभावाने मला कापडखरेदीसाठी बैरागढला, म्हणजे आताच्या संत हिरदाराम नगरात नेले. दुसऱ्या महायुद्धात इथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे वसली. आज ती घाऊक कापडाची मोठी पेठ आहे.

गल्ल्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी सहज विचारले, तिकडच्या घराची भरपाई मिळाली का? ते हसले. "मास्टरजी, वडील दुसऱ्याच्या पेढीवर मुनीम होते. घर भाड्याचे. क्लेम कशाचा भरणार?"

हे उत्तर माझ्या मनातून जाईना. १९५४ च्या कायद्याने निर्वासितांना भरपाई देऊ केली; लहान दाव्याला प्रमाण जास्त आणि मोठ्याला कमी, इतका विवेकही तीत होता. पण दावा मालमत्तेचा. ज्याचे गाव, पेशा, शेजार आणि भाषेचा मुलूख गेला, पण नावावर भिंत नव्हती, त्याचे त्या हिशेबापुरते काहीच गेले नव्हते.

पश्चिम जर्मनीने १९५२ साली याहून पुढचे पाऊल टाकले. पूर्वेकडून हाकलले गेलेले सुमारे ८० लाख लोक तिथे आले होते; शिवाय बाँबवर्षावात घरे गमावलेले वेगळे. सरकारने ठरवले की, ज्यांचे शाबूत राहिले त्यांनी ज्यांचे गेले त्यांना द्यावे. २१ जून १९४८ रोजी ज्याच्याकडे जी मालमत्ता होती, तिच्या किमतीवर निम्मा आकार बसवला. फेड मात्र सुमारे तीस वर्षांच्या हप्त्यांनी. घर वाचलेला माणूस म्हणणारच, "बाँब काय मी टाकला?" त्याचे म्हणणे खोटे नाही. पण बाँब शेजारच्या छपरावर पडला यात याचे तरी कर्तृत्व कोणते? युद्ध साऱ्या देशाचे आणि राख तेवढी एका गल्लीची, हा न्याय मला पटत नाही. म्हणून हा आकार मी दान मानत नाही, थकलेली बाकी मानतो.

भोपाळात बसून हे लिहिताना १९८४ ची रात्र टाळता येत नाही. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने भांडण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांचे गेले त्यांना विचारले कोणी?

इतरांच्या हिशेबात चुका काढणे सोपे असते. आमचे आजोबा सौंसरकडचे लहान मालगुजार. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. "सरकारने लुटले," हे वाक्य त्यांनी मरेपर्यंत म्हटले आणि आम्ही नातवंडे ते आदराने ऐकत आलो. वास्तविक घरची वहितीची जमीन त्यांच्याकडेच राहिली होती, मोबदल्याचे कागदही आले होते. मी ज्या सरकारी शाळेत फुकट शिकलो, तीही याच नव्या घडीची. लुटलेल्या घरातला मी, मुख्याध्यापक झालो!

त्या सुधारणेत कुळांना हक्क मिळाले, ते योग्यच झाले. पण आमच्या वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या सालदाराचे नाव पटवाऱ्याच्या कुठल्याच कागदात नव्हते. तो कूळ नव्हता, मालक नव्हता, म्हणून मालगुजारी गेली तरी तो होता तिथेच राहिला. बैरागढचा तो मुनीम आणि आमचा सालदार, दोघे एकाच रकान्याबाहेरचे. आजोबांच्या गाऱ्हाण्यात त्याचा उल्लेख मी कधी ऐकला नाही, आणि विचारलाही नाही.

त्या सालदाराचा पणतू माझ्याच शाळेत होता. आठवीत असताना बाप त्याला संत्र्याच्या तोडणीवर घेऊन गेला. वर्गशिक्षकांनी दोनदा निरोप पाठवला. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो नाही. घर आमच्या जुन्या वाड्यामागेच, दहा मिनिटांच्या अंतरावर. पुढे हजेरीपटावरून नाव कमी करण्याचा कागद माझ्यासमोर आला. त्यावरची सही माझी आहे.