मुलाचा हक्क आईच्या सहीने संपत नाही




इमामतीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक घडली. ती कबूल केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. जुम्याच्या नमाजनंतर जमातीच्या वडीलधाऱ्यांनी मला मशिदीलगतच्या खोलीत बोलावले. एका जोडप्याचा खुला ठरला होता. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा तयार होता आणि मौलानांचे मराठी चांगले आहे म्हणून तो वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिले होते, की दोन्ही मुले आईकडे राहतील आणि त्यांच्या खर्चासाठी आई यापुढे कोणतीही मागणी करणार नाही. मी ती ओळही स्वच्छ उच्चारात वाचली. साक्षीदार म्हणून सही केली, दुआ मागितली. चहा झाला, मंडळी पांगली. तंटा गोडीगुलाबीने मिटला याचे मलाही समाधान वाटले.

तीन वर्षांनी ती भगिनी आपल्या मुलीला घेऊन मदरशाच्या दारात उभी राहिली. शाळेची फी थकली होती, धाकट्याच्या छातीचे औषध चालू होते, शिवणकामावर दोन्ही भागत नव्हते. तिने पैसे मागितले नाहीत. एवढेच विचारले, “मौलाना, त्या दिवशी मी जी सही केली, ती अल्लाहच्या दरबारातही चालते का?”

त्या रात्री मी पुन्हा किताबे उघडली. जे आढळले ते तुमच्यासमोर ठेवतो.

सूरह बकराच्या २३३व्या आयतीत अल्लाह तआलाने बाळाला दूध पाजण्याची मुदत सांगितली आणि पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली. ही आयत तलाकच्या आदेशांच्या ओघात आली आहे, हे ध्यानात घ्यावे. पती-पत्नीचे नाते तुटण्याची चर्चा चालू असतानाच मुलाच्या निर्वाहाची आज्ञा उतरली आहे. भाषेचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट विलक्षण वाटते. येथे पित्यासाठी ‘वालिद’ हा नेहमीचा शब्द आलेला नाही. ‘मौलूद लहू’ असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे ज्याच्यासाठी मूल जन्माला आले तो. मूल त्याच्या नावाने ओळखले जाते, त्याच्या वंशात गणले जाते, म्हणून भारही त्याचाच. निकाह संपल्याने हे नाव पुसले जात नाही, मग भार कसा पुसला जाईल? पुढे सूरह तलाकमध्ये हीच आज्ञा आणखी उघड होते. तलाकनंतर आईने मुलाला दूध पाजले तर तिला तिचा मोबदला द्यावा आणि प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च करावा.

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. मेहर हे पत्नीचे कर्ज आहे. इद्दतचा खर्च हा तिचा हक्क आहे आणि त्याला मुदत आहे. मुलांचा नफका हा मुलांचा हक्क आहे. “मेहर दिली, इद्दतचे पैसे दिले, आता हिशेब मिटला,” असे म्हणणारा बाप पहिल्या दोन पावत्या दाखवून तिसरे देणे बुडवतो. हनफी फकीहांच्या मते मुलगा कमावता होईपर्यंत आणि मुलगी तिचा निकाह होईपर्यंत, त्यांची स्वतःची मालमत्ता नसेल तर, खर्च पित्यावर आहे. मुले आईच्या हिजानतमध्ये, म्हणजे तिच्या संगोपनाखाली राहिली, तरी त्यात फरक पडत नाही. बापाने दुसरा निकाह केला म्हणूनही पडत नाही.

आता त्या सहीबद्दल. खुलाच्या मोबदल्यात आईने ठरावीक मुदतीपर्यंत मुलांचा खर्च उचलण्याचे कबूल करणे हनफी फिकहमध्ये मान्य आहे, हे लपवणार नाही. परंतु त्याच फकीहांनी पुढे लिहिले आहे, की आई असमर्थ ठरली तर खर्च देण्याची सक्ती पित्यावर येईल. दोघांमधला हिशेब दोघांनी नंतर पाहावा, मुलाचे ताट मध्येच रिकामे ठेवता येणार नाही. आपल्या न्यायालयांची भूमिकाही मुलाचा निर्वाह हा त्याचा स्वतंत्र हक्क मानण्याचीच आहे. आईने “मागणार नाही” असे लिहून दिले, म्हणून मुलाच्या वतीने अर्ज करण्याची वाट बंद होत नाही.

येथे पुष्कळ भगिनी थबकतात. घरातली गोष्ट कोर्टात नेणे म्हणजे अब्रू चव्हाट्यावर मांडणे, असे त्यांना सांगितले जाते. हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पती अबू सुफयान हात आखडता ठेवतात, मुलांना पुरेल इतके देत नाहीत, अशी तक्रार त्यांनी थेट प्रेषितांपुढे (स.) मांडली. प्रेषितांनी (स.) त्यांना चहाडीचा दोष दिला नाही. स्वतःला आणि मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके त्यांच्या मालातून घेण्याची मुभा दिली. यावरूनच विद्वानांनी ठरवले, की हक्कासाठी अधिकारी व्यक्तीपुढे केलेली तक्रार गीबतमध्ये मोडत नाही.

इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मधला प्रसंग तर आपल्या प्रत्येक जमातखान्यात सांगावा असा आहे. हजरत उमर (रजि.) यांचा आपल्या एका पत्नीशी तलाक झाला होता. मुलगा आसिम कुबाच्या मशिदीच्या अंगणात खेळताना दिसला, तेव्हा त्यांनी त्याला उचलून आपल्या जनावरावर बसवले. मुलाच्या आजीने अडवले. वाद खलीफा हजरत अबूबक्र (रजि.) यांच्यापुढे गेला आणि त्यांनी मुलाला आजीकडे राहू देण्यास सांगितले. उमर (रजि.) यांनी उलट शब्द काढला नाही. तो वाद मुलाच्या ताब्याचा होता, खर्चाचा नव्हता. पण उमरसारख्या पुरुषाविरुद्ध एका वृद्धेने न्याय मागितला आणि कोणी तिला बेअब्रू म्हटले नाही, हे आपण का विसरतो?

मराठीत यासाठी ‘पोटगी’ हा शब्द आहे. “तिने पोटगी लावली” हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांत शिवीसारखे उच्चारले जाते. अरबी ‘नफका’ आणि अल्लाहच्या मार्गात खर्च करणे या अर्थाचा ‘इन्फाक’ हे एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. मशिदीच्या रंगासाठी दिलेली रक्कम फलकावर लागते. मुलाच्या दुधासाठी दिलेली रक्कम फलकावर लागत नाही, पण कुटुंबावर खर्च केलेल्या दीनारचा मोबदला प्रेषितांनी (स.) सर्वांत मोठा सांगितला आहे.

मग अर्ज कोठे करावा? पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. ते सर्व धर्मीयांसाठी आहे. १९८६च्या मुस्लिम महिला कायद्यात मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांचा उल्लेख आहे. त्यावर बोट ठेवून काही बाप हात झटकतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून खटल्यात हा प्रश्न निकाली काढला. मुस्लिम मुलांना सज्ञान किंवा स्वावलंबी होईपर्यंत आणि मुलींना विवाह होईपर्यंत पित्याकडून निर्वाहखर्च मिळेल. आपल्या फकीहांचे म्हणणे याहून फार वेगळे आहे काय?

मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे. ते नसेल तेथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. आई जेथे राहते तेथे अर्ज करता येतो, नवऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कम मागता येते, आणि ती अवश्य मागावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्या मागणीचा निर्णय व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हे मी पाहिले आहे. पण २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानुसार निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. म्हणून “बघू, रमजाननंतर” असे करत बसू नये.

वकिलाची फी ही खरी अडचण. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक. मिळालेला वकील तारखेला येत नसेल तर तेथेच लेखी सांगून बदलून मागावा. भीड धरू नये. जाताना मुलांचे जन्मदाखले, निकाहनामा, खुला किंवा तलाकचा कागद, फी व औषधांच्या पावत्या न्याव्यात. बापाचे दुकान, वाहन, नोकरी यांची जी माहिती असेल ती लिहून न्यावी, कारण दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. बंधूंनो, त्या प्रतिज्ञापत्रात दोन टेम्पो भावाच्या नावावर दाखवणारा माणूस जुम्याला पहिल्या सफीत उभा राहतो, तेव्हा त्याने खोट्या साक्षीचे प्रकरण आठवावे. भगिनींनीही फुगवलेला आकडा लिहू नये आणि पैसे आले नाहीत म्हणून मुलाला बापाची भेट नाकारू नये. मुलावरून ना आईला त्रास व्हावा ना बापाला, असे त्याच आयतीत सांगितले आहे.

दारुल कजा किंवा जमातीत समझोता होत असेल तर उत्तमच. पण तो कागद वसुली करू शकत नाही. ठरलेली रक्कम लोकअदालतीत किंवा न्यायालयात नोंदवून घ्यावी, म्हणजे तिला हुकूमनाम्याचे बळ येते.

त्या भगिनीबरोबर तालुका न्यायालयात मी स्वतः गेलो. माझी सही असलेल्या कागदाची प्रत त्यांच्या वकिलांच्या हाती दिली आणि ती ओळ मीच वाचली होती, हे सांगितले. दोन्ही मुलांसाठी अंतरिम रक्कम मंजूर झाली. चार महिने ती आली, नंतर थांबली. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, हे आम्हांला वकिलांनी सांगितले. तो अर्ज आता दाखल झाला आहे. जमातीच्या खोलीत आजही असे करारनामे वाचायला माझ्याकडे येतात. मुलांच्या खर्चाचा रकाना कोरा असेल, तर आकडा आणि तारीख भरल्याशिवाय मी पुढे वाचत नाही. दोन वेळा मंडळी माझ्यावर रागावून उठून गेली. त्यातली एक मंडळी आठ दिवसांनी आकडा भरून परत आली, दुसऱ्यांची मी अजून वाट पाहतो आहे.