कोरी पाटी आणि जुना हक्क

३० जानेवारी २००७ रोजी विंडोज विस्टा बाजारात आली, तेव्हा तिच्या होम प्रीमियम आवृत्तीच्या अमेरिकेत दोन किमती होत्या. पूर्ण आवृत्ती २३९ डॉलरना, अपग्रेड १५९ डॉलरना. आतल्या मालात मात्र काही उणे नव्हते. एकाच डीव्हीडीत सगळ्या आवृत्त्या भरलेल्या असत आणि त्यांतली कोणती उघडायची हे प्रॉडक्ट की ठरवत असे. ८० डॉलरची सवलत मिळत होती ती घेणाऱ्याकडे आधीची विंडोज आहे एवढ्याचसाठी. आता समजा, या माणसाला जुन्याची कटकट नकोच आहे. वर्षानुवर्षे साचलेले ड्रायव्हर, अर्धवट काढलेले प्रोग्राम, रजिस्ट्रीतला गाळ हे सगळे हार्ड डिस्क फॉरमॅट करून पुसायचे आणि त्याच अपग्रेड डिस्कवरून कोरी सुरुवात करायची, असे त्याच्या मनात आहे. पूर्वायुष्य पुसल्यावर त्या पूर्वायुष्यामुळे मिळालेला हक्क उरतो का? हा प्रश्न संगणकवाल्यांच्या कितीतरी आधी धर्मशास्त्राला पडलेला आहे. माझ्या मते हक्क उरतो. पण त्याच्याबरोबर एक बंधनही उरते, आणि ते पाळले जाते की नाही हे कुठलाच सेटअप तपासत नाही.

विंडोज एक्सपीच्या काळात हा पेच सोपा होता. अपग्रेडच्या सीडीवरून कोऱ्या डिस्कवर एक्सपी टाकायला घेतली की सेटअप मध्येच थांबून जुन्या विंडोजची सीडी मागायचा. विंडोज ९८ची सीडी घालून दाखवली की त्याचे समाधान व्हायचे आणि काम पुढे सरकायचे. विस्टाने ही सोय काढून टाकली. अपग्रेडची की आता चालू असलेल्या विंडोजच्या आतूनच द्यावी लागे. डीव्हीडीवरून संगणक सुरू करून ती दिली तर नाकारली जाई. लोकांनी यावर जी वाट काढली ती पाहण्यासारखी आहे. कीची चौकट रिकामी ठेवायची, ऑटोमॅटिक ॲक्टिव्हेशनची खूण काढायची आणि विस्टा तीस दिवसांच्या मुदतीवर कोऱ्या डिस्कवर टाकायची. मग त्याच विस्टाच्या आतून डीव्हीडी पुन्हा चालवायची, या वेळी की द्यायची आणि ‘अपग्रेड’ निवडायचे. सेटअपला आत एक विंडोज दिसते आणि तो राजी होतो. म्हणजे विस्टाच विस्टाची पूर्वज होते आणि स्वतःच्या बाजूने साक्ष देते. ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच असते असे मीमांसक म्हणत आणि ते बाहेरून ठरते असे नैयायिक म्हणत. या सेटअपने नकळत मीमांसकांना कौल दिला म्हणायचा.

थट्टा बाजूला ठेवू, पण मीमांसकांना जाऊ देऊ नये. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय सगळा अधिकारावर आहे: कोणते कर्म करायला पात्र कोण? साहित्य हाताशी आहे म्हणून कोणी पात्र ठरत नाही, हे तिथे गृहीतच आहे. श्रौतकर्मांत पुनराधेय नावाचा एक विधी आहे. अग्नी स्थापन केले, पण भरभराट झाली नाही, तर यजमानाने ते अग्नी सोडून द्यायचे आणि नव्याने स्थापन करायचे. आधीचा अग्नी राहत नाही, तरी हा यजमान पहिल्यांदाच आधान करणारा ठरत नाही. पुन्हा स्थापन करण्याची पात्रता त्याने पूर्वी आधान केले होते यातून येते, आणि आग विझली म्हणून ते घडलेले कर्म पुसले जात नाही. विस्टाचा परवानाही नेमके हेच धरून चालतो. अपग्रेड वापरायला पात्र अशा आधीच्या आवृत्तीचा परवाना तुमच्याकडे असावा, अशी त्याची अट आहे. ती आवृत्ती डिस्कवर नांदत असावी, अशी नाही. कंपनीचे स्वतःचे वागणेही याला दुजोरा देते. विंडोज २००० वापरणाऱ्यांना तिने अपग्रेडची किंमत लागू केली होती, पण त्यांच्यासाठी जुन्यावर नवे चढवण्याची सोय नव्हती. त्यांनी कोरी स्थापनाच करायची होती. फायली पुढे आल्या नाहीत तरी हक्क पुढे येतो, हे विक्रेत्यालाच मान्य होते.

यावर कोणी म्हणेल, हक्क असेल, पण ही दुहेरी युक्ती म्हणजे लबाडीच. सेटअपचा खोटा समज करून द्यायचा आणि काम साधायचे. आक्षेप गंभीर आहे आणि त्याला द्रोणपर्वातल्या प्रसंगाने उत्तर देता येते. अश्वत्थामा मेला असे युधिष्ठिर म्हणाला, तेव्हा त्या नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. शब्द खरा, पोचवलेला अर्थ खोटा. आणि परंपरेने त्याला माफ केले नाही, जमिनीला न टेकणारा त्याचा रथ तिने खाली आणला. इथे नेमके उलट आहे. ज्याच्याकडे एक्सपीचा परवाना आहे तो दाखवतो ते पूर्वज बनावट, पण त्यातून सांगतो ते खरे: माझ्याकडे आधीची विंडोज आहे. ज्याच्याकडे तसा परवाना नाही, तोही हीच बटणे याच क्रमाने दाबतो आणि खोटे बोलतो. दोघांच्या कृतीत तसूभर फरक नाही. म्हणून ही युक्ती पाप की निष्पाप, असा सरसकट निवाडा करताच येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. प्रत्येक जण आपला अधिकार स्वतःच ठरवू लागला तर नियमाला अर्थ काय उरला? हे मान्य करायला हवे की आपल्या बाजूने पुरावा शोधण्यात माणसाचे मन फार तरबेज असते. पण कंपनीच्या तपासणीनेही या बाबतीत काही साधले नव्हते. अधिकार नसलेल्याला तिने अडवले नाही आणि असलेल्याला दोनदा इन्स्टॉल करायला लावले. खरी कसोटी परवान्यातच आहे. अपग्रेड झाल्यावर ज्यावरून अपग्रेड केले ती आवृत्ती वापरायची नाही, असे त्यात सांगितलेले आहे. नवे घेतले की जुने सोडायचे, हे व्रत आहे आणि ते इन्स्टॉल झाल्यानंतर सुरू होते. (कंपनी गडगंज आहे, तिला कसली नीती, हा युक्तिवाद मी विचारात घेत नाही. किंमत पटत नसेल तर उबुंटू फुकट मिळते.)

तेव्हा एक्सपीची सीडी कपाटात असेल आणि ती दुसऱ्या कुठल्या संगणकावर चालत नसेल, तर विस्टा दोनदा टाकणाऱ्याने मनाला लावून घेण्याचे कारण नाही. तीच सीडी भाच्याच्या संगणकावर चालू असेल, तर मात्र त्याचे ८० डॉलर देणे बाकी आहे.